हवेला दारं धरणारी पोरं

शेतात पाण्याला दारं धरणं म्हणजे काय, हे गावाकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पाटाचं पाणी एका वाफ्यात भरलं की तिथलं दार मातीनं बुजवायचं आणि पुढच्या वाफ्याचं फोडायचं. हातात खोरं, डोळा पाण्यावर. काम फार जड नाही, पण डुलकी लागली की पाणी भलतीकडे पळतं आणि रात्र वाया जाते.

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत असंच एक काम होतं. तिथं दारं धरायची ती हवेला. त्या कामाला जमिनीखाली, अंधारात, पाच-सहा-आठ वर्षांची पोरं बसवलेली असत. दिवसाचे बारा-बारा तास.

खाणींतल्या जुन्या अपघातांच्या नोंदी वाचताना एक शब्दजोडी सारखी भेटते: ‘पुरुष आणि मुलगे’. १८१२ साली न्यूकॅसलजवळच्या फेलिंग खाणीत स्फोट झाला आणि ९२ पुरुष आणि मुलगे गेले. १८३५ साली वॉल्सेंड खाणीत १०२, पुन्हा पुरुष आणि मुलगे. वाचता वाचता आपण ‘आणि मुलगे’वरून सहज पुढे सरकतो. बापाबरोबर पोरगं आलं असेल, डबा घेऊन आलं असेल, असं काहीतरी मनात येतं. खरं तर ती पोरं पगारी कामगार होती, आणि त्यांच्याशिवाय खाण एक दिवसही चालली नसती. ‘त्या काळचे लोक निर्दयी होते’ असं म्हणून हा विषय मिटवता येतो, पण त्यानं काही उलगडत नाही. खाण कशी चालायची ते पाहिलं, तर पोरं तिथं का होती आणि मोठ्या संख्येनं का मरायची, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच जागी सापडतात.

खाण श्वास कशी घेते

चंद्रपूर-वणीकडच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर कोळसा खाण म्हटलं की आज बहुतेक वेळा उघडी खाण येते: अवाढव्य खड्डा, वर आभाळ, खाली डंपर. ते चित्र जरा बाजूला ठेवा. इथं आहे ती विहिरीसारखी खोल, उभी खोदाई. तिच्या तळापासून आडवी भुयारं निघतात, त्यांना फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे. शेवटच्या टोकाला एक माणूस आडवा पडून कुदळीनं कोळसा फोडतोय.

कोळशाच्या थरात मिथेन वायू कोंडलेला असतो. कोळसा फोडला की तो बाहेर येतो. त्याला वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा हलका असल्यानं तो भुयाराच्या छताशी साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आलं आणि ठिणगी पडली, की स्फोट. त्या काळी उजेडासाठी उघडी मेणबत्ती वापरत, म्हणजे ठिणगीची वाटही पाहायला नको. स्फोटातून वाचलेल्यांना मागून कार्बन मोनॉक्साइड गाठायचा. पुष्कळ खाणींत भाजून मेलेल्यांपेक्षा गुदमरून मेलेले अधिक निघत.

यावर उपाय एकच: हवा सतत खेळती ठेवायची. त्यासाठी खाणीला दोन तोंडं ठेवत. एका तोंडाच्या तळाशी मोठी भट्टी पेटवायची. तापलेली हवा वर चढते, आणि तिची जागा भरायला दुसऱ्या तोंडातून ताजी हवा खाली ओढली जाते. आपल्या चुलीच्या धुराड्याचाच हा प्रकार, फक्त शेकडो फूट खोल.

पण हवा पाण्यासारखीच आळशी. तिला जवळची वाट सापडली की ती लांब जात नाही. एका तोंडातून आत आलेली हवा थेट दुसऱ्या तोंडातून निघून गेली, तर लांबच्या भुयारात कोळसा फोडणाऱ्यापर्यंत ती पोचणारच नाही आणि तिथं वायू साचत जाईल. म्हणून जवळच्या वाटा लाकडी दारांनी बंद करायच्या आणि हवेला सगळीकडून फिरून जायला लावायचं. भिंत बांधून चालत नाही, कारण त्याच वाटेनं कोळशाच्या गाड्याही जातात. म्हणून दारच हवं. गाडी आली की उघडायचं, गेली की लगेच लावायचं.

ही दारं सांभाळणाऱ्या पोराला ‘ट्रॅपर’ म्हणत. दाराशेजारी भिंतीत कोरलेला एक कोनाडा, त्यात ते बसायचं. हातात दोरी. गाडीचा आवाज आला की दोरी ओढायची, गाडी गेली की सोडायची. या कामाला ताकद लागत नाही, म्हणून मोठ्या माणसाची मजुरी कशाला द्यायची? पाच वर्षांच्या पोराला दिवसाला काही पेनी दिल्या की भागतं. उजेडाचीही गरज नाही, कारण दोरी अंधारातही ओढता येते. मेणबत्तीला पैसे पडतात.

सारा गुडर नावाच्या आठ वर्षांच्या मुलीची जबानी सरकारी अहवालात छापलेली आहे. यॉर्कशरमध्ये बार्न्सलीजवळच्या गॉबर खाणीत ती ट्रॅपर होती. ती सांगते की कामानं मी दमत नाही, पण उजेडाशिवाय बसावं लागतं आणि भीती वाटते. पहाटे चारला, कधी साडेतीनला जाते, संध्याकाळी पाच-साडेपाचला बाहेर येते. मी कधी झोपत नाही. उजेड असला की कधी कधी गाते, पण अंधारात नाही. तेव्हा गायची हिंमत होत नाही.

आता यातली गोम पाहा. अख्ख्या खाणीचा जीव त्या दारावर अवलंबून. दार दहा-वीस मिनिटं उघडं राहिलं तर हवेची वाट बदलते आणि पलीकडे वायू साचायला लागतो. म्हणजे खाणीतलं सगळ्यात जोखमीचं काम सगळ्यात स्वस्त माणसाला दिलेलं. पुढे सरकारी आयोगानं नेमकं यावरच बोट ठेवलं, की शेकडो माणसांचा जीव ज्याच्यावर आहे ते काम तुम्ही सगळ्यात लहान पोरांना कसं देता? स्फोट झाला की ‘पोरानं दार उघडं ठेवलं’ हे स्पष्टीकरण मात्र तयार असायचं. पोर मेलेलं असे, ते काय कैफियत देणार.

कमी उंचीची वाट

सगळी पोरं दाराशी नव्हती. जरा मोठी झाली की ती गाड्या ओढायला लागत.

कोळशाचा थर कुठं पुरुषभर उंचीचा असतो, कुठं दीड-दोन फुटांचा. पातळ थर असला की मालकापुढे हिशेब उभा राहतो. भुयार माणसाच्या उंचीचं करायचं तर कोळशाच्या वरचा-खालचा दगड फोडावा लागणार. दगड विकला जात नाही. म्हणजे नुसता खर्च. त्यापेक्षा भुयार थराएवढंच ठेवायचं आणि त्यात मावेल असा कामगार शोधायचा. घोडा मावत नाही, मोठा माणूस मावत नाही. दहा वर्षांची मुलगी मावते.

कमरेला चामड्याचा पट्टा, पट्ट्याला साखळी, साखळी दोन्ही पायांच्या मधून मागे नेऊन गाडीला अडकवलेली, आणि हातापायांवर रांगत ओढायचं. काही ठिकाणी मागून डोक्यानं ढकलायचं. हॅलिफॅक्सच्या पेशन्स कर्शॉ नावाच्या १७ वर्षांच्या मुलीनं आयोगाला सांगितलं की गाडी डोक्यानं ढकलून ढकलून माझ्या टाळूवरचे केस गेलेत. स्कॉटलंडच्या पूर्व भागात तर बायका-मुली कोळशाचं ओझं पाठीवर घेऊन शिड्या चढून वर आणत.

या मुलांना कामावर घ्यायचं कोण? इथं आपल्याला ओळखीचं काहीतरी दिसेल. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जसं जोडप्याला, कुटुंबाला कामावर धरतात आणि पोरांच्या हातांचा हिशेब मोठ्यांच्या उचलीत मिसळून जातो, तसंच तिथं होतं. पुष्कळ ठिकाणी मालक फक्त कोळसा फोडणाऱ्याला ओळखायचा. त्याला गाडीमागे पैसे. गाडी ओढायला कोण आणायचं ते त्यानं बघायचं. मग तो स्वतःचीच पोरं आणणार, कारण त्यांचा पैसा घरातच राहतो. साउथ वेल्समध्ये तर खाली नेलेल्या पोरामागे बापाला जास्तीची गाडी भरायला मिळायची, म्हणून काही बाप चार-पाच वर्षांचं पोर पाठुंगळी घेऊन उतरत. मालकाच्या वहीत त्या पोराचं नावही नसे. अपघात झाला की मेलेल्यांची मोजणी चुकायची, त्याचं एक कारण हेही.

दुसरं कारण म्हणजे मोजायची इच्छाच नव्हती. १७६७ साली न्यूकॅसलच्या एका वर्तमानपत्रानं उघड छापलं होतं, की खाणींतल्या अपघातांची फारशी दखल घेऊ नका अशी आम्हाला विनंती झाली आहे, म्हणून आम्ही हा विषय सोडतो.

एक प्रसंग मला विसरता येत नाही. माणसांना खाणीत खाली-वर करणारी वाफेची यंत्रंही काही ठिकाणी पोरं चालवायची. लँकशरमध्ये ओल्डमच्या बाजूला अशाच एका यंत्रावर नऊ वर्षांचा मुलगा होता. माणसं वर येत असताना शेगडीपाशी त्याला उंदीर दिसला आणि त्याचं लक्ष तिकडे गेलं. यंत्र वेळेवर थांबलं नाही आणि तीन-चार मुलगे मेले. नऊ वर्षांचं पोरगं उंदीर बघणार नाही तर काय करणार? पण तेव्हा कुणी असं विचारलं नाही.

४ जुलै १८३८

सिल्कस्टोन हे यॉर्कशरमधलं, बार्न्सलीजवळचं छोटं गाव. तिथल्या खाणी आर. सी. क्लार्क नावाच्या मालकाच्या. त्यातली एक मूरेंड, आणि तिला आतून जोडलेली दुसरी हस्कर. दोन्ही जोडल्या होत्या त्या हवेसाठी, वर सांगितलं तसं. हस्करला नॅब्ज वूड या झाडीत उघडणारी एक तिरपी वाट होती. तिच्यातून चालत वर येता यायचं.

इंग्लंडमध्ये तेव्हा उत्सवाचे दिवस होते. सहाच दिवसांपूर्वी, २८ जूनला, लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीचा राज्याभिषेक झाला होता. ४ जुलैला सकाळपासून उकडत होतं. दुपारी दोनच्या सुमाराला वादळ आलं. गडगडाट, गारा, आणि दोनेक तास असा पाऊस की त्या भागात लोकांनी पाहिला नव्हता. या पावसात खाणीच्या वाफेच्या यंत्राची आग विझली. आग नाही म्हणजे वाफ नाही, आणि वाफ नाही म्हणजे खालच्या माणसांना वर आणणारा दोर हलणार नाही.

खाली निरोप गेला की तळाशी येऊन थांबा. मोठी माणसं थांबली. पोरं पहाटेपासून खाली होती, त्यांचे नऊ-एक तास झाले होते. त्यातली सुमारे ४० पोरं म्हणाली, आपण हस्करच्या वाटेनं चालत वर जाऊ. यात चुकीचं काय होतं? वाट माहितीची होती आणि पोरांना घरी जायचं होतं.

वाटेत हवेचं एक दार लागलं. ते उघडून ती पलीकडे गेली, दार मागं बंद झालं आणि ती चढायला लागली. तेवढ्यात वर, झाडीतला ओढा फुगला. एरवी जेमतेम वाहणारा ओढा, पण त्या दिवशी काठ सोडून थेट त्या वाटेच्या तोंडात घुसला. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात कोरडा ओहोळ अर्ध्या तासात कसा अंगावर येतो, ते पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पाण्याच्या लोंढ्यानं पोरांचे पाय सुटले. ती खाली वाहत आली आणि त्या दारावर आदळली. दारावर पाण्याचा रेटा, समोर पोरं, मागून आणखी पाणी. हवा अडवायला बसवलेल्या दारानं पाणीही अडवलं. काही मुलं बाजूच्या वाटेनं निसटली. २६ तिथंच बुडाली. बाहेर काढायला गेलेल्यांना ती दारापाशी एकमेकांवर पडलेली सापडली. त्या काढणाऱ्यांत त्यांचे बापही होते.

२६ जणांत १५ मुलगे आणि ११ मुली. सर्वांत लहान ७ वर्षांचा, सर्वांत मोठी १७ वर्षांची. आठ-नऊ वर्षांचीच जास्त. भावांच्या दोन जोड्या होत्या. एक बहीण-भाऊही होते, आणि तिला भावाच्या पायाशी पुरलं. त्यांतलं एकही मूल स्फोटात गेलं नाही की दरड कोसळून गेलं नाही. ज्या पोरांचं कामच हवेची दारं आणि कोळशाच्या गाड्या सांभाळणं होतं, ती त्याच खाणीच्या दाराशी पाण्यात गेली.

दुसऱ्याच दिवशी गावातल्या रेड लायन या खानावळीत चौकशी बसली. निकाल: अपघाती मृत्यू. पोरं तळाशी थांबली असती तर वाचली असती, असंही म्हटलं गेलं. म्हणायला ते खरं आहे. पण सात वर्षांच्या पोराला वादळाच्या वेळी तळाशी थांबायला सांगायची वेळ मुळात आली कशी, हा प्रश्न त्या खोलीत कुणाच्या अखत्यारीत नव्हता. कायद्यानं त्याला खाली नेण्यात काहीच गैर नव्हतं.

तीन वर्षांनी, १८४१ साली, सिल्कस्टोनच्या चर्चच्या आवारात स्मारक उभं राहिलं. त्यावरचा मजकूर वाचण्यासारखा आहे. त्यात ही घटना देवाची भयंकर करणी म्हणून नोंदली आहे. त्या दिवशी परमेश्वरानं गडगडाट, वीज, गारा आणि पाऊस धाडला आणि २६ जीवांना अचानक आपल्यापुढे हजर होण्याचं बोलावणं आलं. मालकाचं नाव त्यात आहे, पण केवळ खाण कुणाची एवढं सांगण्यापुरतं. मुलांची नावं आणि वयं कोरलेली आहेत. मजकुराच्या शेवटी वाचणाऱ्याला एक उपदेशही आहे. त्याच्याकडे मी नंतर येतो.

अहवालातली चित्रं

‘हस्करमुळे कायदा झाला’ असं बऱ्याच ठिकाणी एका वाक्यात सांगतात. ते फार सरळ करून सांगितलेलं आहे. लंडनच्या वर्तमानपत्रांत बातमी आली, लोक हळहळले, आणि दोन वर्षं काही झालं नाही.

त्याआधी कापड गिरण्यांसाठी १८३३ साली कायदा झाला होता. नऊ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक गिरण्यांत मनाई, आणि देखरेखीला तपासनीस. खाणी त्यातून वगळलेल्या होत्या. एक साधं कारण असं, की गिरणी शहरात असते, तिच्या फाटकातून पोरं आत-बाहेर करताना लोकांना दिसतात. खाणीतलं पोर पहाटे अंधारात खाली जातं आणि हिवाळ्यात अंधार पडल्यावर वर येतं. ते दिसतच नाही.

१८४० साली लॉर्ड ॲश्ली या खासदाराच्या पुढाकारानं मुलांच्या कामाची चौकशी करायला शाही आयोग नेमला गेला. आयोगाचे प्रतिनिधी गावोगाव फिरले, खाणींत उतरले, आणि त्यांनी एक गोष्ट केली जी त्या काळाच्या मानानं मोठी होती: पोरांनाच विचारलं. वय किती, खाली कधी जातेस, काय खातोस, वाचता येतं का. उत्तरं पोरांच्या शब्दांत नोंदवली. सारा आणि पेशन्स आपल्यापर्यंत पोचल्या त्या अशा.

मे १८४२ मध्ये अहवाल बाहेर आला. त्यात चित्रं होती, हे महत्त्वाचं. सरकारी अहवाल म्हणजे जाडजूड, कुणी न वाचणारी गोष्ट. पण साखळीला जुंपलेली, रांगणारी पोर चित्रात पाहिल्यावर दिवाणखान्यांत खळबळ उडाली. खरं सांगायचं तर त्यातली निम्मी खळबळ वेगळ्याच कारणाची होती. खाली उष्म्यामुळे पुरुष जवळपास उघडे काम करायचे, मुलीही कमरेपर्यंत उघड्या असायच्या. त्या काळच्या सभ्य समाजाला पोरांच्या मरणापेक्षा या उघड्या अंगांचा धक्का मोठा बसला. कायदा व्हायला ते उपयोगी पडलं, म्हणून तक्रार करू नये. पण नोंद असावी.

त्याच अहवालात एक तक्ता आहे, १८३८ सालातल्या खाणीतल्या मृत्यूंचा. सगळ्या देशाचा नाही, इंग्लंड-वेल्समधल्या काही जिल्ह्यांचाच. एकूण ३४९ मृत्यू. त्यांत १३ वर्षांखालचे ५८, आणि १३ ते १८ मधले ६२. म्हणजे तीन मृतांमागे एक अठराच्या आतला. ‘पुरुष आणि मुलगे’ या शब्दजोडीत ‘आणि’च्या पुढे किती वजन होतं, ते इथं कळतं.

ॲश्लींना मुलांचं किमान वय १३ हवं होतं. वरच्या सभागृहात लॉर्ड लंडनडेरींसारखे स्वतः खाणमालक असलेले उमराव बसलेले. त्यांच्या विरोधातून जाता जाता १३ चे १० झाले. ऑगस्ट १८४२ मध्ये कायदा झाला: दहा वर्षांखालच्या मुलांना आणि कोणत्याही वयाच्या मुली-बायकांना जमिनीखाली काम नाही. माणसं वर-खाली करणाऱ्या यंत्रावर पंधरा वर्षांखालचा कुणी नको. उंदीर पाहणाऱ्या पोराची आठवण या कलमात आहे असं मला वाटतं.

पाळणूक होते का ते बघायला सगळ्या देशासाठी एक माणूस नेमला, ह्यू ट्रेमेनहीर. शेकडो खाणी, एक माणूस.

बायकांना कुणी विचारलं नाही. विधवा होत्या, ज्यांच्या घरी कमावणारं दुसरं नव्हतं. त्यांची मजुरी एका कलमानं गेली आणि बदल्यात काही मिळालं नाही. काही जणी पुरुषांचे कपडे घालून पुन्हा खाली गेल्या. लँकशरच्या विगनकडे पुढे पुष्कळ बायका खाणीच्या तोंडाशी कोळसा निवडण्याच्या कामाला लागल्या, आणि ते काम विसाव्या शतकातही चालू होतं.

आणि दहा वर्षांवरच्या मुलग्यांचं? ते खालीच राहिले. १८४४ साली हॅसवेल खाणीत स्फोट झाला, ९५ पुरुष आणि मुलगे. या वेळी चौकशीला सरकारनं चक्क मायकेल फॅरेडेला पाठवलं. वीजनिर्मितीचा पाया घालणारा तोच फॅरेडे. हवा कशी मोजता, असं त्यानं विचारलं, तर तिथल्या एकानं चिमूटभर बंदुकीची दारू मेणबत्तीवर उडवून धूर किती वेळात कुठं जातो ते दाखवलं. तेवढ्यात फॅरेडेनं विचारलं की ही दारू तुम्ही ठेवता कुठं, आणि कळलं की फॅरेडे स्वतःच तिच्या पिशवीवर बसला होता. निकाल पुन्हा अपघाती मृत्यूच.

१८५० साली कुठं खरे तपासनीस आले आणि जीव गेला तर कळवण्याची सक्ती झाली. १८६२ साली हार्टली खाणीत पंपाच्या यंत्राचा प्रचंड बीडाचा दांडा तुटून एकुलत्या एका तोंडात कोसळला. एकूण २०४ पुरुष आणि मुलगे गेले, बहुतेक खाली अडकून, गुदमरून. त्यानंतर प्रत्येक खाणीला दोन वाटा हव्यात असा नियम झाला. किमान वय असंच रांगत वर चढलं. १८६० मध्ये १२, पण लिहिता-वाचता येत असल्याचा दाखला असेल तर १० चालेल. १८७२ मध्ये १२. १९०० मध्ये १३. १९११ मध्ये १४. दहापासून चौदापर्यंत यायला जवळपास सत्तर वर्षं. १९१३ साली वेल्समधल्या सेंगेनिड खाणीच्या स्फोटात ४३९ कामगार गेले, ब्रिटनमधला हा सर्वांत मोठा खाण-अपघात. त्यात चौदा वर्षांचे मुलगे होते. अगदी कायदेशीर. कंपनीला दंड १० पौंड, व्यवस्थापकाला २४.

आपल्याकडे

भारतातल्या खाणींचा कायदा याच वाटेनं, पण उशिरा चालला. १९२३ च्या कायद्यानं १३ वर्षांखालच्या मुलांना खाणीत मनाई केली, १९३५ साली ते वय १५ झालं. झरियाच्या पट्ट्यात बायका नवऱ्याबरोबर खाली जायच्या, तान्ही पोरंही बरोबर असायची. १९२९ पासून बायकांचं भूमिगत काम टप्प्याटप्प्यानं बंद होत गेलं. मग दुसरं महायुद्ध आलं, कोळसा कमी पडला, आणि १९४३ साली ती बंदी उठवली गेली. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादकडच्या खाणीत उतरले. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात या निर्णयावर त्यांना धारेवर धरलं गेलं. ही तात्पुरती, युद्धापुरती सोय आहे आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळते आहे, अशी बाजू त्यांनी मांडली. फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. १८४२ साली विगनच्या विधवांपुढे जो पेच होता, तोच शंभर वर्षांनी झरियात होता: काम धोक्याचं, पण नसलं तर खायचं काय?

मेघालयात जैंतिया टेकड्यांत कोळशाचे थर पातळ आहेत. तिथं अंगापुरती भोकं पाडून, रांगत जाऊन कोळसा काढतात. उंदराच्या बिळासारख्या या खाणींत पोरांना उतरवलं जात असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत्या. दगड फोडायचा खर्च नको, मावेल असा कामगार शोधा, हाच जुना हिशेब. राष्ट्रीय हरित लवादानं २०१४ साली या पद्धतीवर बंदी घातली. १३ डिसेंबर २०१८ रोजी क्सान इथल्या अशाच एका खाणीत शेजारच्या लिटेन नदीचं पाणी शिरलं आणि आत पंधरा कामगार अडकले.

सिल्कस्टोनच्या नॅब्ज वूडमध्ये, जिथं ती तिरपी वाट उघडायची तिथं, १९८८ साली गावानं आणखी एक स्मारक उभारलं. चर्चजवळचं जुनं स्मारक तसंच आहे, आणि त्यावरचा राहिलेला मजकूर असा: वाचकाला बजावलंय की देवाच्या ज्या ज्या हाकेकडे तू दुर्लक्ष केलंस ती निवाड्याच्या दिवशी तुझ्याविरुद्ध उभी राहील, तेव्हा तो येईल त्या घटकेला तू जागा सापडावास. त्या काळच्या खाणींत दाराशी झोपलेलं सापडलेल्या पोराला पट्ट्याचा मार बसायचा.